तुम्ही विचारा : रिमोटच्या टँकरमधून सरबत

प्रश्न : दादा नमस्कार. भाच्याकडे १:१४ स्केलचा रिमोटवाला ट्रक आहे, तीन गिअरचा, आणि मागे जोडायचा टँकर ट्रेलर. गणपतीत आरती झाली की आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये सगळ्यांना सरबत असतं, तर यंदा ते ह्या टँकरमधूनच द्यायचं असं पोरांनी ठरवलंय. ट्रक समोर येऊन थांबणार, रिमोटचं बटण दाबलं की पेल्यात सरबत. मी टाकीचे जोड आतून गोंद लावून बंद केले आणि मागे वॉशिंग मशीनला असतो तसला १२ व्होल्टचा प्लास्टिकचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह बसवला. व्हॉल्व्ह टक् करून वाजतो पण पाणी येत नाही, नुसते थेंब. व्हॉल्व्ह खराब निघाला का? दुसरा कोणता घेऊ?
— एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : व्हॉल्व्ह खराब नाहीये, दुसरा आणू नका. हा व्हॉल्व्ह नळाच्या दाबावर चालायला बनवलेला असतो. आत रबराचा पडदा असतो, वीज दिली की कॉइल फक्त एक बारीक भोक उघडते आणि पडदा उचलायचं खरं काम पाण्याचा दाबच करतो, त्याला साधारण ०.२ बार तरी दाब लागतो, म्हणजे डोक्यावर दोन मीटर उंच पाणी पाहिजे. तुमच्या टाकीत पाणी फार तर दहा सेंटीमीटर उंच, म्हणजे ०.०१ बार. वीसपट कमी. पडदा हलणार कसा.

पण व्हॉल्व्हच्या आधी मला टाकीबद्दल बोलायचंय, कारण खरी काळजी मला तिचीच वाटली. किटमधली टाकी दिसायला बनवलेली असते, तिच्यात कोणी काही ओतून प्यावं असा बनवणाऱ्याचा विचारच नसतो. त्यात तुम्ही आतून गोंद लावलाय, वर लिंबाचं किंवा कोकमाचं आंबट सरबत, आणि पिणारी लहान मुलं. शिवाय आत हात जात नाही, ब्रश जात नाही, म्हणजे साखरेचं पाणी कोपऱ्यात राहणार आणि दुसऱ्या दिवशी आंबणार. तेव्हा सरबत टाकीत ओतायचंच नाही. टँकर राहू दे टँकर, सरबत आतल्या बाटलीत. सरबताला बाटली आणि नळी ह्या दोनच गोष्टींचा स्पर्श झाला पाहिजे आणि दोन्ही ओढून बाहेर काढून धुता आल्या पाहिजेत. एवढं एक धरून चाललात की बाकीचे बरेच निर्णय आपोआप होतात.

आता किती मावेल ते बघा. खरा २४,००० लिटरचा टँकर १:१४ मध्ये आणला तर लांबी, रुंदी, उंची तिन्ही चौदानं लहान होतात, म्हणजे आतली जागा २,७४४ पट कमी, हिशोबानं पावणेनऊ लिटर. ऐकायला छान वाटतं पण ते पावणेनऊ किलो झाले आणि प्लास्टिकच्या एक्सलवर एवढं मी घालणार नाही. एक लिटरची बाटली पुरे. ती पाऊणच भरायची, म्हणजे १५० मिलीचे पाच पेले होतात, मग बाटली बदलायची. भरलेल्या चार-पाच बाटल्या फ्रीजमध्ये तयार ठेवा, एकाच कंपनीच्या घ्या म्हणजे झाकणाचे आटे जुळतात, आणि नळ्या लावलेलं झाकण एकच, ते ह्या बाटलीवरून काढून त्या बाटलीवर. सरबत थंडही राहतं, हा फायदा मोठा आहे.

बाटलीतून पेल्यात कसं आणायचं? नुसतं वरून खाली वाहू द्यावं असं वाटतं, पण ट्रक जमिनीवर उभा राहिला की टाकीचा तळ जेमतेम आठ-दहा सेंटीमीटरवर येतो, आणि कागदी पेलाच सात-आठ सेंटीमीटर उंच. म्हणजे पेला तोटीखाली बसतच नाही. सरबत वर चढवून मग खाली सोडावं लागणार. त्यासाठी पंप सरबतात घालायची गरज नाही, हवेनं ढकला. मला स्वतःला हीच पद्धत सगळ्यात आवडते.

घरी किंवा ओळखीच्यांकडे बंद पडलेलं बीपी मोजायचं डिजिटल मशीन असेल तर बघा. स्क्रीन गेलेली असते, पट्टा फाटलेला असतो, पण आतला छोटा हवेचा पंप आणि त्याच्याजवळचा हवा सोडायचा व्हॉल्व्ह बऱ्याचदा ठणठणीत असतात. पंप ६ व्होल्टच्या आसपास चालतो. दंडाला पट्टा आवळायला तो २०० मिलिमीटर पाऱ्याच्या वर दाब करतो, आणि सरबत वीस सेंटीमीटर वर ढकलायला लागतात पंधरा. म्हणजे ताकद भरपूर. त्यातला व्हॉल्व्ह तर आपल्या कामासाठीच बनवल्यासारखा आहे, वीज नसली की उघडा, वीज दिली की बंद. पंप आणि व्हॉल्व्ह एकाच स्विचवर शेजारी शेजारी जोडा. बटण दाबलं की व्हॉल्व्ह बंद होतो, पंप बाटलीत हवा भरतो, सरबत नळीतून वर चढतं. बटण सोडलं की व्हॉल्व्ह उघडतो, हवा सुटते, सरबत थांबतं. बॅटरी संपली, वायर निघाली, काहीही झालं तरी सरबत थांबणारच, पार्किंगभर वाहत बसणार नाही.

झाकण नीट करा, सगळं तिथेच आहे. बाहेरून ६ मिलिमीटरची आणि आतून ४ ची फूड ग्रेड सिलिकॉन नळी घ्या, झाकणाला भोकं मात्र साडेपाचची पाडा, दोन. नळीचं टोक तिरपं कापायचं, ते टोक भोकातून घालून पलीकडून पक्कडीनं ओढायचं, नळी दबून आत येते आणि भोकात अशी गच्च बसते की गोंद लागतच नाही. एक नळी हवेची, ती झाकणाच्या आत जेमतेम एक सेंटीमीटर. दुसरी सरबताची, ती बाटलीच्या बुडापर्यंत, आणि तिच्या टोकाला स्टेनलेस स्टीलचं छोटं पोकळ वजन. रिमोटची विमानं उडवणारे इंधनाच्या टाकीत हेच लावतात, त्याला ते क्लंक म्हणतात, टाकी कशीही कलली तरी नळीचं टोक इंधनातच राहतं. बाटली आडवी, तोंड मागच्या बाजूला आणि मानेखाली लाकडाची पाचर देऊन जरासं वर उचललेलं. बाटली पाऊण भरायची, म्हणजे हवा तोंडापाशी राहते आणि हवेच्या नळीत सरबत शिरत नाही. तरी पंपाकडे जाणाऱ्या नळीत मत्स्यालयाच्या दुकानात मिळतो तो एकेरी व्हॉल्व्ह टाका, आणि हवा सोडायचा व्हॉल्व्ह त्या एकेरीच्या अलीकडे, म्हणजे बाटलीच्या बाजूला, टी आकाराचा जोड लावून. उलट लावलात तर दाब सुटणारच नाही आणि बटण सोडूनही सरबत येत राहील.

तोटीचं तोंड बाटलीतल्या सरबताच्या पातळीपेक्षा वर पाहिजे, नाहीतर एकदा सुरू झालेली धार सायफननं चालूच राहते. टँकरच्या मागे शिडी असते ना, तिच्या आडून नळी वर नेऊन वाकवली की दिसतही नाही आणि पेलाही खाली आरामात बसतो. टाकीचं मागचं गोल झाकण चिकटवू नका, चुंबकावर बसवा, बाटली बदलायला तेच दार.

एक पेला भरायला पंपाप्रमाणे दहा-पंधरा सेकंद लागतील. बाटली रिकामी होत जाते तसं बटण दाबल्यावर धार सुरू व्हायला किंचित उशीर होतो, कारण आतली जास्तीची हवा आधी दाबली जाते, तेव्हा पोरांना सांगून ठेवा की घाबरून बटण सोडू नका.

नळ्या दवा बाजारात मिळतील, स्विच आणि वायरी महाराणी रोडला. ट्रकमधल्या रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनेलवर (तिसरा बहुधा गिअर बदलायला गेलेला असतो, तेव्हा चौथ्या) रिमोटनं चालणारा छोटा इलेक्ट्रॉनिक स्विच लावायचा, आणि पंपाला ट्रकची बॅटरी न देता चार सेलचा वेगळा डबा द्यायचा. बाटली काचेची नको, पातळ डबाही नको, सोड्याची किंवा पाण्याची पेट बाटलीच, ती एवढा दाब सहज घेते. झाल्यावर झाकण आणि नळ्या कोमट पाण्यातून काढून उलट्या टांगून वाळवायच्या. नळी पिवळी पडली किंवा वास राहिला की बदला, स्वस्त असते.

---

प्रश्न : माझ्या सासऱ्यांनी फार वर्षांपूर्वी एका कारागिराकडून पितळेचा टँकर करून घेतला होता, हातभर लांब, सगळे जोड झाळलेले, खाली चाकं. नातू आता तो त्याच्या रिमोटच्या ट्रकला जोडणार म्हणतो आणि त्यात कोकम सरबत भरायचंय. आतून कल्हई करून घेतली तर चालेल ना? पूर्वी आपण पितळेच्याच भांड्यात सगळं करायचो.
— एक आजी, रामचंद्र नगर, इंदूर

उत्तर : आजी, नमस्कार. कल्हई असली तरी ताक आणि आमसुलाचं सार पितळेत ठेवत नव्हते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. आंबटानं तांबं सुटतं, कोकम तर चांगलंच आंबट.

पण इथे पितळेपेक्षा जोड जास्त वाईट आहेत. पत्र्याचं असं काम झाळायला जे सोल्डर वापरायचे त्यात बहुधा ६० भाग कथील आणि ४० भाग शिसं असायचं. शिसं लहान मुलांच्या पोटात थोडंसुद्धा जाऊ नये, आणि आंबट सरबत ते त्या जोडांमधून हळूहळू ओढून घेणार. कल्हई करून झाकावं म्हणाल तर तेही जमत नाही. कल्हईला कथील वितळावं लागतं, ते २३२ अंशांना वितळतं, आणि हे सोल्डर १९० च्या आतच पातळ होतं. म्हणजे कल्हईवाल्यानं भट्टीवर धरला की कल्हई चढायच्या आधी टँकरचे जोडच सुटतील, आणि सासऱ्यांची आठवण तिथेच जाईल. त्या भानगडीत अजिबात पडू नका.

टँकर सुंदर असणार ह्यात शंका नाही आणि तो चालवायलाच हवा. वर भरायचं तोंड असेल तर बघा त्यातून अर्ध्या लिटरची बाटली जाते का. नसेल जात तर तळाचा पत्रा, जो कोणाला दिसत नाही, तेवढाच नीट कापून घ्या, एखाद्या अनुभवी कारागिराकडूनच, आणि बाटली खालून आत सरकवून पट्ट्यानं बांधा. नातवाला वरचं पहिलं उत्तर वाचायला द्या, झाकण आणि हवेचा पंप तसाच. वजन मात्र आधी काट्यावर करून बघायला सांगा, पितळ फार जड असतं, ट्रकला नुसता रिकामा टँकरच पुरे होईल असं होऊ शकतं. तसं झालं तर सरबताची छोटी बाटली.

---

प्रश्न : काका, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी १२ व्होल्टचा डायफ्राम पंप ऑलरेडी घेऊन टाकलाय, मिनिटाला दोन लिटरवाला, तो टँकरमध्ये बसवला, बढिया धार येते पण दोन लोचे आहेत. पंप चालू केला की ट्रक झटका देतो आणि रिसीव्हर बंद होऊन परत चालू होतो. आणि पंप बंद केला तरी सरबत येतच राहतं, पेला ओव्हरफ्लो. पंप बदलायचे पैसे नाहीयेत.
— भंवरकुआँ, इंदूर

उत्तर : पंप बदलू नकोस, चालेल. पंप सुरू होताना क्षणभर खूप करंट ओढतो, बॅटरीचा व्होल्टेज खाली जातो आणि रिसीव्हर रिसेट होतो, तो झटका त्याचाच आहे. पंपाला वेगळी बॅटरी दे. दुसरं, पंपाच्या दोन टोकांवर 1N4007 डायोड टाक, पांढऱ्या पट्टीची बाजू प्लसला, नाहीतर बंद होताना मोटर जो उलटा व्होल्टेज फेकते त्यानं स्विचमधला ट्रान्झिस्टर एखाद दिवशी जाईल. पंपाच्या वायरी एकमेकींना पीळ देऊन घे आणि रिसीव्हरच्या अँटेनापासून लांब ठेव.

धार थांबत नाही तो सायफन आहे. तुझ्या पंपातल्या झडपा एकाच दिशेच्या आहेत आणि ती दिशा नेमकी बाहेरची, त्यामुळे तोटी सरबताच्या पातळीखाली असली की बंद पंपातूनही ते निवांत वाहतं. तोटी वर घे. वर घेणं अगदीच शक्य नसेल तर नळीच्या सगळ्यात उंच वळणावर सुईनं एक भोक पाड, पंप थांबला की तिथून हवा शिरते आणि धार तुटते. पंप चालू असताना त्या भोकातून थेंब उडेल, म्हणून ते भोक टाकीच्या आत, बाटलीच्या तोंडावर येईल असं ठेव. आणि बाटलीला हवा आत यायला वाट ठेवलीयेस ना? तुझा पंप ओढणारा आहे, वाट नसेल तर बाटली चेपत जाईल आणि धार बारीक होत होत थांबेल.

पंपाचा आतला भाग फूड ग्रेड आहे असं विकणाऱ्यानं लिहून दिलं नसेल तर त्यातून पाणी, रंगीत पाणी, काय दाखवायचं ते दाखव, पण लोकांना प्यायला देऊ नकोस. आरओमध्ये बसतो तो बूस्टर पंप पिण्याच्या पाण्यासाठीच असतो, पण तो २४ व्होल्ट मागतो आणि जडही आहे. प्यायला द्यायचंच असेल तर पेरिस्टाल्टिक पंप हा एक मार्ग, त्यात रोलर नळीला बाहेरून दाबत नेतात, सरबत नळीच्या बाहेर येतच नाही, बंद केला की नळी चिमटलेलीच राहते म्हणून ठिबकत पण नाही. मात्र छोटे पेरिस्टाल्टिक मिनिटाला शंभर मिलीच्या आसपास देतात, म्हणजे एका पेल्याला दीड मिनिट, आरतीनंतरच्या गर्दीत कोण थांबणार. पैसे नाहीयेत म्हणतोस तर जुन्या बीपी मशीनवाला मार्गच तुझ्यासाठी बरा.

आणि फेलसेफ लाव. २.४ गिगाहर्ट्झच्या बऱ्याचशा रिसीव्हरना ती सोय असते, सिग्नल तुटला की ट्रक थांबला पाहिजे आणि पंपही. ट्रकची चाकं हवेत धरून, पंप चालू ठेवून रिमोट बंद करून बघ. पंप चालूच राहिला तर सेटिंग परत कर.

---

प्रश्न : आमचा टँकर सरळ छान जातो पण वळणावर ट्रेलर आडवा होतो. बाटली आत घट्ट बांधलीये. चढावर पुढच्या ट्रकची मागची चाकं नुसती फिरतात.
— राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर : बाटली घट्ट आहे, आतलं सरबत मोकळं आहे. वळताना ते एका बाजूला जातं आणि ट्रेलरला घेऊन जातं. खऱ्या टँकरमध्ये हिंदकळणं कमी करायला आत भोकं असलेले आडवे पत्रे असतात, पाणी एकदम पुढेमागे धावू नये म्हणून. बाटलीत पत्रे घालणं शक्य नाही, तेव्हा एक लिटरच्या एका बाटलीऐवजी अर्ध्या लिटरच्या दोन अरुंद बाटल्या शेजारी शेजारी घाला, प्रत्येकीत सरबताला आडवं पळायला जागा कमी. त्या टाकीच्या मधोमध न ठेवता अगदी तळाला टेकवून ठेवा. अर्धी झालेली बाटली सगळ्यात जास्त हिंदकळते, ती घेऊन लांब फिरवू नका, आधी बदला आणि मग जा. ट्रक पहिल्या गिअरमध्येच ठेवा.

चाकं फिरतात कारण वजन ट्रेलरच्या चाकांच्या मागे पडलंय, त्यामुळे ट्रेलरचं नाक वर उचललं जातं आणि ट्रकच्या मागच्या चाकांवर भारच येत नाही. बाटल्या पुढे सरकवा, निम्मं वजन तरी जोडणीवर आलं पाहिजे.

---

प्रश्न : चहा चालेल का? आणि आपल्या सराफ्यातली शिकंजी?
— जुनी पलासिया, इंदूर

उत्तर : चहा नको. पेट बाटली सत्तर अंशांच्या आसपास मऊ पडून वाकडी होते, आणि स्टीलचा थर्मास बसवलात तरी मुलांच्या घोळक्यात गुडघ्याखाली फिरणारा गरम चहा मला पटत नाही, कोणीतरी पाय लावणारच. इंदुरी शिकंजी दुधाची, दाट, सुकामेव्याची, ती ४ मिलिमीटरच्या नळीतून जात नाही, आणि दुधाचं काहीही दोन तासांपेक्षा जास्त फ्रीजबाहेर ठेवायचं नसतं. सोडा असलेलं पण नको, नुसता फेस येतो. गाळलेलं पन्हं, कोकम, लिंबू, वाळा ह्यांच्यासाठी ही गाडी उत्तम.

---

प्रश्न : रंगपंचमीला गेरमध्ये, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, मोठे टँकर रंग उडवतात तसं आम्हाला गल्लीत छोट्या टँकरनं करायचंय. सरबताचीच सिस्टिम वापरू का?
— लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : पंप, व्हॉल्व्ह, बॅटरी, रिमोट सगळं तेच वापरा, जरूर करा, राजवाड्याची गेर बघून वाढलेल्या पोरांना ह्यापेक्षा भारी काय मिळणार. तोटीच्या तोंडाला बारीक भोकाचं टोक लावलंत की धार लांब जाते. बाटली, झाकण आणि दोन्ही नळ्या मात्र रंगासाठी वेगळ्या करा आणि त्यांच्यावर लाल टेप गुंडाळून ठेवा, धुऊन परत सरबताला लावायच्या नाहीत. रंग फडक्यातून गाळून भरा, गुलालाचे कण टोकात अडकतात. तोटी गुडघ्याच्या उंचीच्या वर रोखू नका, लहान मुलं बघायला वाकतात आणि डोळे नेमके त्या धारेसमोर येतात.